फैजपूरचा धडा

श्रोतेहो, निवडणूक आली की मते मागायला माणसे आपल्या ओट्यावर येऊन बसतात. त्यात आता नवल राहिले नाही. परंतु मतदाराच्या दारी जावे लागते, हे पुढाऱ्यांनाही एकदा शिकावे लागले होते. तो धडा गिरवला गेला आपल्या खानदेशात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात.

थोडे मागे जाऊ. न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांनी महाराष्ट्रात उदारमतवाद रुजवला. माणसाला बोलण्याची मोकळीक हवी, राज्य कायद्याने चालावे, सुधारणा सनदशीर मार्गाने व्हावी, हा तो विचार. विचार खोटा नव्हता. पण त्या वळणाचे नेमस्त पुढारी १९१८ साली काँग्रेसमधून वेगळे झाले, पुढे काहींनी मंत्रिपदे घेतली, आणि लोक दुरावले. १९२३ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारखा मोहरा बंगालमध्ये निवडणुकीत पडला.

काँग्रेसची वाटही सोपी नव्हती. १९३४ साली कायदेभंग थांबला होता, माणसे थकली होती. इकडे कापसाचा भाव बसलेला, सावकाराचे व्याज मात्र चढतेच! अशा वेळी काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. नंदलाल बोस यांनी बांबू-तट्ट्यांनी नगर सजवले, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते.

तिथे ठरले काय? सारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनीला सूट द्यावी, कर्जाचा बोजा हलका करावा, वेठबिगार बंद व्हावी, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी. शिवाय प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीची मागणी झाली. काँग्रेस म्हणजे काही उदारमतवाद्यांचा पक्ष नव्हे, तिच्यात समाजवादीही होते. पण स्वातंत्र्याचा जुना विचार इथे शेतकऱ्याच्या भाषेत बोलू लागला. दोनच महिन्यांत, १९३७ च्या निवडणुकीत, मुंबई इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले.

आता शिक्षक मित्रांनो, पुढचा भागही मुलांना सांगा. १९३९ साली कर्जनिवारणाचा आणि कुळांचा असे दोन कायदे झाले. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कूळकायदा १९४१ मध्ये प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत पश्चिम खानदेश, म्हणजे आताचे धुळे-नंदुरबार, होता. ज्या पूर्व खानदेशात, आताच्या जळगाव जिल्ह्यात, शब्द दिला गेला, तिथल्या कुळाला १९४६ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि जिच्या मजुरीचा ठराव झाला, त्या निंदणी करणाऱ्या बाईला १९३७ साली बहुधा मतही नव्हते. प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९५१-५२ साली.

तेव्हा ध्यानात ठेवायचे ते एवढेच. विचार जुना झाला म्हणून लोक पाठ फिरवत नाहीत, तो आपल्या कामाचा उरला नाही असे वाटले की फिरवतात. त्याला पुन्हा गावात आणावे लागते. आणि गावात दिलेला शब्द हे कर्जच असते. ते वेळेवर फेडले गेले की नाही, हे विचारण्याचा हक्क तुमचा-आमचा आहे.