खोडलेलं जातं कुठं?

पोथी उतरवणाऱ्याला मोठी भीती नजर घसरण्याची. एकच शब्द दोन ओळींत आला, की डोळा पहिल्यावरून उठून दुसऱ्यावर टेकतो आणि मधलं सगळं गळतं. मग काकपदाची खूण करून गळलेलं समासात भरायचं. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासायची. 'हरताळ फासणे' आपण रोज म्हणतो, पण ती पिवळी पूड कुणाला आठवते? अमरावतीहून १९३९ पासून षट्खंडागम छापला गेला, तो अशाच नकलांच्या जोरावर. मूडबिद्रीच्या पोथीवरून झालेल्या एका नकलेला गजपती उपाध्यायांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा हात लागला होता. बायकांची अशी नावं फार थोडी उरली.

संगणकावरचं कट, कॉपी, पेस्ट रूढ केलं लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी, १९७० च्या दशकात, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. ते माउसचं काम. साध्या पद्धतीत नवं उचललं की आधीचं गेलंच.

बर्कलीच्या बिल जॉयचा 'व्हीआय' १९७६ चा. माउस नाही, तारेवरून अक्षरं रेंगाळत येणार, म्हणून एकेका कळीत हुकूम: 'वाय' म्हणजे उचल, 'डी' म्हणजे खोड, 'पी' म्हणजे ठेव. खरी गंमत पुढे आहे. खोडलेल्या ओळी फेकल्या जात नाहीत; शेवटच्या नऊ खेपा एक ते नऊ अशा कप्प्यांत राहतात. ब्रॅम मोलेनार यांच्या 'व्हिम'मध्ये (१९९१) शून्याचा कप्पाही आहे. उचललेली ओळ तिथे असते, मध्ये दुसरी खोडली तरी. अवतरणचिन्ह, शून्य, 'पी' — झालं!

इथे बुऱ्हाणपुरात पोथ्यांची यादी करताना याचा उपयोग रोजचा. एकाच ग्रंथाच्या चार प्रती, नाव तेच, लेखनाचा संवत आणि पानं वेगळी. नाव एकदा उचलायचं, जुन्या यादीतलं नको ते खोडत जायचं, शून्यातून नाव ठेवत जायचं.

अडचण मराठीची. इनस्क्रिप्ट चालू असताना 'पी'च्या कळीवर 'ज' असतो. व्हिमला तो हुकूम कळत नाही. भाषेचा कळफलक व्हिमच्या आतूनच लावला, तर तो फक्त लिहिताना लागू होतो आणि हुकूम जागेवर राहतात. मात्र चुकीचा संवत एकदा उचलला, तर चारी प्रतींवर तोच बसतो. तिथे पोथी उघडून पाहावीच लागते.