आधी सदरा, मग क्रीम

'आंब्र सोलेर' नावाचं तेल 1935 च्या सुमारास फ्रान्सच्या बाजारात आलं, तेव्हा ते विकत घेणाऱ्या कुणाच्याही मनात कॅन्सर नव्हता. लॉरेआल कंपनीचे संस्थापक यूजीन श्यूलेर यांनी ते बनवलं समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास पडून राहणाऱ्यांसाठी. अंग भाजू नये, पण रंग मात्र चांगला रापावा, अशी गिऱ्हाइकाची दुहेरी मागणी होती. पुढच्याच वर्षी फ्रेंच कामगारांना कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळाली आणि किनारे माणसांनी भरून गेले. तेलाला आणखी काय हवं होतं!

आज त्वचारोगतज्ज्ञ चिठ्ठीवर सनस्क्रीन लिहून देतात, म्हणून ती आपल्याला औषधाच्या कुळातली वाटते. प्रत्यक्षात ती जन्मली सौंदर्यप्रसाधनांच्या घरात, वाढली सहलींवर, आणि सार्वजनिक आरोग्याच्या घरात दत्तक गेली ती जवळजवळ पन्नाशीला टेकल्यावर. उन्हामुळे कातडीचा कॅन्सर होतो हे ज्ञान दरम्यान भलत्याच ठिकाणी, तुकड्यातुकड्यांनी जमत होतं.

त्याचा एक जुना तुकडा लंडनमधला आहे. सर एव्हरार्ड होम या शल्यविशारदाला एक कोडं पडलं होतं. काळा रंग उष्णता जास्त शोषतो. मग उष्ण प्रदेशातल्या काळ्या कातडीच्या माणसांना ऊन कमी का भाजतं? 1820 मध्ये त्याने स्वतःचेच हात उन्हात धरले. एक उघडा, दुसऱ्यावर काळं कापड, आणि दोन्हींवर तापमापक. कापडाखालचा हात जास्त तापला, पण भाजला तो उघडा हात. म्हणजे भाजणारी गोष्ट नुसती उष्णता नव्हे, आणि काळा रंग तिला अडवतो. दोन हात आणि एक फडकं एवढ्या सामग्रीवर केलेला इतका स्वच्छ प्रयोग क्वचित सापडतो. (हाच होम पुढे आपल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे थोर शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर यांची, हस्तलिखितं जाळून बदनाम झाला. त्यांतला मजकूर स्वतःच्या नावावर खपवल्याचा पुरावा उरू नये म्हणून, असं लोक म्हणत.)

भाजणारी ती गोष्ट कोणती, याचा सुगावा खरं तर आधीच लागलेला होता. 1801 मध्ये येना इथे योहान रिटर यांना दिसलं होतं की प्रकाशाच्या पट्ट्यात जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत झपाट्याने काळं पडतं. हे अतिनील किरण आणि कातडीवरची लाली यांची सांगड घालायला 1889 उजाडलं. ती घातली स्टॉकहोमचे डोळ्यांचे डॉक्टर एरिक विडमार्क यांनी.

कॅन्सरचा संशय मात्र प्रयोगशाळेतून आला नाही, दवाखान्याच्या बाकावरून आला. हॅम्बुर्ग हे बंदर. तिथले त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या खलाशांचे चेहरे आणि हात जाड, खरखरीत, डागाळलेले असत आणि त्याच जागी पुढे कॅन्सर होई. 1894 मध्ये उनांनी या अवस्थेला नावच दिलं, 'खलाशाची कातडी'. थोड्याच वर्षांत बोर्दोचे विल्यम द्यूब्रॉय यांना तसलीच कातडी द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या शेतकऱ्यांत दिसली. शहरातल्या बैठ्या माणसांत ती फारशी नव्हती. एक समुद्रावरचा, एक शेतातला. दोघांत समान काय? ऊन.

एवढं कळल्यावर जगाने सावलीत जायला हवं होतं. झालं उलटंच. निल्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार काढला आणि 1903 चं नोबेल मिळवलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझँ गावात ऑग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांना उन्हात निजवणारं रुग्णालय उघडलं. मुडदूस उन्हाने बरा होतो हेही लौकरच सिद्ध झालं. ऊन म्हणजे आरोग्य असा डांगोरा खुद्द डॉक्टरच पिटत होते, आणि तो खोटाही नव्हता. रापलेला रंग 1920 नंतर फॅशन झाला त्याचं श्रेय लोक कोको शनेलला देतात. मला त्यात डॉक्टरांचाही वाटा मोठा दिसतो.

1928 मध्ये लंडनमध्ये जॉर्ज फिंडले यांनी अतिनील दिव्याखाली उंदरांच्या कातडीवर गाठी उठवून दाखवल्या. पुढच्या दशकात ब्युनोस आयर्सच्या आंखेल रोफ्फो यांनी पांढरे उंदीर थेट उन्हात ठेवले. त्यांना कॅन्सर झाला. खिडकीच्या काचेतून ऊन मिळालेल्यांना झाला नाही. ही 1930 च्या दशकातली गोष्ट. म्हणजे श्यूलेर यांचं तेल किनाऱ्यावर खपत होतं, नेमक्या त्याच काळात रोफ्फो काचेमागचे उंदीर मोजत होते. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

तेलाचं घराणं आपल्या वाटेने वाढत राहिलं. 1938 मध्ये फ्रान्झ ग्राइटर हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्राचा विद्यार्थी आल्प्समधलं पिझ ब्विन शिखर चढताना भाजला, आणि 1946 मध्ये त्याने हिमनदीच्या नावाचं क्रीम बाजारात आणलं. अमेरिकेत युद्धकाळात सैनिकांना लाल पेट्रोलियम जेली देत. ती फासायला नकोशी, चिकट. मायामीचे औषधविक्रेते बेंजामिन ग्रीन यांनी ती सुधारून जे मलम केलं त्याचं पुढे कॉपरटोन झालं. नावातच तांबूस रंगाचं आमिष.

बाटलीवरचा तो एसपीएफचा आकडाही याच घराण्याची देणगी. 1956 मध्ये जर्मनीत रुडॉल्फ शुल्झे यांनी मापाची पद्धत सुचवली होती, ग्राइटर यांनी पुढे ती रूढ केली आणि 1978 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती आपल्या नियमांच्या मसुद्यात घेतली. त्या वेळी आकडे 2 पासून 15 पर्यंतच होते. हिशेब सोपा आहे. माणसाच्या पाठीवर क्रीम लावलेल्या आणि न लावलेल्या जागी अतिनील किरण सोडायचे, दुसऱ्या दिवशी लाली कुठे उठली ते पाहायचं. क्रीमखाली लाली उठायला जितके पट किरण लागले, तो एसपीएफ. खोच आहे ती थराच्या जाडीत. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. त्या मापाने अंगभर लावायचं तर मोठ्या माणसाला सुमारे सात चहाचे चमचे लागतात. घरी कुणी एवढं लावत नाही. पाहण्यांत लोक त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावताना आढळतात. आणि हा आकडा मोजतो लाली, कॅन्सर नव्हे. क्रीमने कॅन्सर टळतो का, हा प्रश्न 1980 उजाडेपर्यंत माणसांवर कुणी तपासलाच नव्हता.

तो तपासला ऑस्ट्रेलियाने, कारण पाणी तिथे डोक्यावरून गेलं होतं. विषुववृत्तापासून ब्रिस्बेन साधारण जयपूरइतकंच दूर; त्या उन्हात इंग्लंड-आयर्लंडची गोरी, माळरानी कामाला न सरावलेली कातडी पिढ्यान्‌पिढ्या राहायला आली. या भूमीच्या मूळ रहिवाशांची कातडी गडद आणि त्यांच्यात हा रोग विरळा. 1956 मध्ये सिडनीचे संख्याशास्त्रज्ञ हेन्री लँकेस्टर यांनी मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी अक्षांशावार मांडल्या. युरोपीय वंशाचा माणूस विषुववृत्ताच्या जितका जवळ, तितकं मरण जास्त. ना सूक्ष्मदर्शक, ना उंदीर. नुसत्या मृत्यूच्या नोंदी आणि नकाशा.

1981 च्या आसपासच्या उन्हाळ्यात व्हिक्टोरिया राज्याच्या कॅन्सरविरोधी परिषदेने टीव्हीवर एक नाचणारा समुद्रपक्षी आणला, नाव सिड. चित्रं ॲलेक्स स्टिट यांची, आवाज फिलिप ॲडम्स यांचा. 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' या त्याच्या घोषणेचा क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. आधी सदरा चढवा, मग क्रीम फासा, मग टोपी घाला. क्रीम मधोमध, आणि दोन्ही बाजूंना कापड. सावली शोधा आणि गॉगल लावा, ही भर 2007 मध्ये पडली. 1988 मध्ये या मोहिमेचं 'सनस्मार्ट' झालं. पैसा आला तंबाखूवरच्या करातून. सिगारेट ओढणाऱ्याने पोरांच्या टोप्यांना हातभार लावला, असा हा न्याय.

मोहिमेचा उपयोग होतोय का हे पाहायची डेव्हिड हिल आणि सहकाऱ्यांची रीत मला फार आवडते. ते उन्हाळ्यात सोमवारी लोकांना फोन करत. काल-परवा बाहेर होता का, अंगावर काय होतं, भाजलं का? उत्तरं त्या दिवशीच्या हवामानाशी ताडून पाहत. तीन उन्हाळ्यांत भाजणाऱ्यांचं प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 वर आलं, टोपी घालणारे 19 वरून 29 टक्क्यांवर गेले.

सदरा आधी, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागलं नाही. नाशिककडच्या द्राक्षबागांत आणि विदर्भातल्या कापसाच्या शेतांत बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला टॉवेल किंवा ओढणी गुंडाळून कामाला जातात. पुण्यात स्कूटीवरच्या मुली सनकोट आणि स्कार्फमध्ये नखशिखांत झाकलेल्या. हेतू कॅन्सरचा नाही. एकीला काट्यांचा आणि चटक्यांचा त्रास चुकवायचा, दुसरीला काळं पडायचं नाही. क्रीम इथे येताना कॅन्सरची भीती मागे ठेवून आलं आणि 'टॅन घालवा' हे त्याचं ब्रीद झालं. फ्रान्समध्ये रापण्यासाठी जन्मलेली वस्तू आपल्याकडे न रापण्यासाठी विकली जाते, ही गंमत जाहिरातवाल्यांनाच जमावी.

तर क्रीमने कॅन्सर टळतो का? ब्रिस्बेनपासून उत्तरेला साधारण 100 किलोमीटरवर नॅम्बर हे एके काळचं उसाचं गाव आहे. क्वीन्सलँडच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अडेल ग्रीन यांनी तिथले 1,621 लोक 1992 मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवगतीने गटांत वाटले. निम्म्यांनी रोज सकाळी डोकं, मान, हातांना एसपीएफ 15 पेक्षा जास्तीचं क्रीम लावायचं. उरलेल्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीनेच राहायचं. खोटं क्रीम कुणाला दिलं नाही, कारण क्वीन्सलँडच्या उन्हात माणसाला फसवून उघडं ठेवणं नीतीला धरून झालं नसतं. कोण किती लावतंय हे तोंडी विचारून भागत नाही, म्हणून परत आलेल्या बाटल्यांचं वजन करत. जोडीला अर्ध्या लोकांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

साडेचार वर्षांनंतरचा निकाल 1999 मध्ये छापून आला, आणि तो सनस्क्रीनच्या जाहिरातीइतका गुळगुळीत नव्हता. स्क्वॅमस पेशींच्या कॅन्सरच्या गाठी रोज लावणाऱ्यांत सुमारे 40 टक्क्यांनी कमी. पण बेसल पेशींच्या, म्हणजे सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये फरक दिसला नाही. संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. 2011 मध्ये मेलानोमाचा हिशेब आला: रोज लावणाऱ्यांत 11, इतरांत 22. श्यूलेर यांच्या तेलानंतर पाऊणशे वर्षांनी.

नॅम्बरच्या निकालाच्याच वर्षी फिलिप ओतिए यांचा एक छोटा प्रयोग छापून आला. फ्रेंच आणि स्विस विद्यार्थ्यांना सुट्टीवर जाताना क्रीमच्या ट्यूब दिल्या. कुणाची एसपीएफ 10 ची, कुणाची 30 ची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 10 वाले सुट्टीभरात सरासरी 58 तास उन्हात राहिले, 30 वाले 73 तास. भाजत नाही म्हटल्यावर माणूस उठत नाही. नॅम्बरमध्ये क्रीम कामाला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर होतं, इथे मुद्दाम उन्हात पडणाऱ्याच्या. एकाला त्याने वाचवलं, दुसऱ्याला बसवून ठेवलं. म्हणूनच सदऱ्याचा नंबर पहिला. शर्ट पाच मिलिग्रॅम घातला की दहा, हा प्रश्न उद्भवत नाही.

आकड्याचंही फार खरं धरता येत नाही. 2025 च्या जूनमध्ये 'चॉइस' या ऑस्ट्रेलियन ग्राहकसंस्थेने 20 सनस्क्रीन तपासल्या, तर 16 आपल्या लेबलावरच्या एसपीएफला उतरल्या नाहीत.

दरम्यान सगळ्यांना एकच सल्ला ही गोष्टही मागे पडली. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आरोग्यसंस्थांनी मिळून नवं निवेदन काढलं आणि लोकांचे कातडीच्या रंगाप्रमाणे आणि धोक्याप्रमाणे तीन गट केले. फिकट कातडीच्यांनी अतिनील निर्देशांक 3 किंवा वर असेल त्या दिवशी सनस्क्रीन लावायचीच. गडद कातडीच्यांना रोज लावायची गरज नाही, उलट ड जीवनसत्त्वासाठी त्यांनी ऊन जास्त घ्यायचं. मेलबर्नच्या एखाद्या मराठी घरात गहूवर्णी आई मधल्या गटात आणि काळासावळा बाप तिसऱ्या गटात जायचा. पोराला मात्र शाळेत टोपी लागते; नाहीतर मधल्या सुट्टीत मैदानावर न जाता छपराखाली बसावं लागतं.