कॅराकॅलाची स्नानगृहे आणि त्यांच्याखालची भुयारे

रोमच्या दक्षिण भागात, आपिया मार्गापासून जवळच, सम्राट कॅराकॅलाने इ. स. २१६ मध्ये खुल्या केलेल्या स्नानगृहांचे अवशेष असून, त्यांच्या काही भिंती आजही सुमारे ३० मीटर उंच आहेत. रोमन लोक अशा संकुलाला ‘थर्मी’ म्हणत. त्यात केवळ अंघोळीची सोय नसे, तर व्यायामाची अंगणे, बागा, ग्रंथालये आणि गप्पांच्या जागाही असत. पाचव्या शतकातील इतिहासकार ऑलिम्पिओडोरस याने येथे १६०० जणांच्या स्नानाची व्यवस्था असल्याचे नोंदवले आहे.

स्नानाचा क्रम साधारणपणे ठरलेला असे. अंगाला तेल लावून व्यायाम केल्यावर ‘स्ट्रिजिल’ नावाच्या वाकड्या धातूच्या पट्टीने घाम, धूळ आणि तेल खरवडून काढायचे, मग कोमट दालनातून ‘काल्दारियम’ या उष्ण दालनात जायचे आणि शेवटी ‘फ्रिजिदारियम’ या थंड पाण्याच्या दालनात यायचे. काल्दारियमची वर्तुळाकार, घुमटाची वास्तू मुख्य इमारतीच्या नैर्ऋत्येला बाहेर काढलेली होती, कारण रोमन लोक सहसा दुपारनंतर स्नान करीत आणि त्या वेळचे ऊन तिच्या मोठ्या खिडक्यांतून थेट आत येई. बाकीची उष्णता अग्नीची होती. विटांच्या आखूड खांबांवर फरशी उचलून धरायची, भट्टीतला गरम धूर तिच्याखाली खेळवायचा आणि भिंतींतील पोकळ विटांमधून वर न्यायचा, या रचनेला ‘हायपोकॉस्ट’ म्हणतात.

या रचनेची खरी किंमत मात्र जमिनीखाली उतरल्यावरच कळते. तेथे गाड्या जाऊ शकतील इतकी रुंद भुयारे आहेत. त्यांतून सरपण भट्ट्यांपर्यंत जाई, आणि वर संगमरवरात नागरिक पहुडलेले असताना खाली धुरात व उकाड्यात राबणारे बहुतांशी गुलाम असत. या माणसांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत, सम्राटाचे मात्र अजून घेतले जाते. मार्सिया जलवाहिनीची एक शाखा खास या स्नानगृहांसाठी वळवलेली होती आणि तिच्यावरच सारा डोलारा उभा होता. इ. स. ५३७ मध्ये विटिगिसच्या नेतृत्वाखाली रोमला वेढा घालणाऱ्या गॉथांनी शहराच्या जलवाहिन्या तोडल्या. पाणी थांबले आणि तीन शतके चाललेला हा व्यवहार संपला.

पुढच्या काळात ही वास्तू खाणीसारखी वापरली गेली. सोळाव्या शतकात पोप पॉल तिसरा याच्या फार्नेसे घराण्याने येथे केलेल्या उत्खननात विश्रांती घेणारा हर्क्युलिस आणि ‘फार्नेसे वृषभ’ हा प्रचंड शिल्पसमूह सापडला; एक ग्रॅनाइट स्तंभ पुढे फ्लॉरेन्सला गेला, तर मल्लांची चित्रे असलेले कुट्टिमचित्र, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांची फरशी, व्हॅटिकनमध्ये आहे. जे मौल्यवान होते ते उचलले गेले आणि विटा, चुना, भुयारे तेवढी जागेवर उरली. त्यामुळे आजच्या अवशेषांवरून रोमन वैभवापेक्षा रोमन बांधकामाचाच अभ्यास अधिक चांगला होतो. वैभव पाहू इच्छिणाऱ्याने नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावे. हर्क्युलिस आणि वृषभ तेथे आहेत.