वस्तरा सुटा करताना : शेफिल्डचे पोलाद कसे वाचावे?

१/ जुना वस्तरा संग्राहकाला शोभेची वस्तू वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाला तो दस्तऐवज वाटला पाहिजे. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे एकोणिसाव्या शतकात घडलेला वस्तरा घरी सुटा करून पुन्हा जोडताना काय वाचता येते आणि काय कायमचे पुसले जाऊ शकते, यावर हा थ्रेड.

२/ रचना साधी आहे. पोलादी पाते, मुठीच्या दोन पट्ट्या (शिंगाच्या, हाडाच्या वा हस्तिदंती) आणि त्यांना जोडणारे पितळी रिव्हेट. एका टोकाच्या रिव्हेटवर पाते फिरते; दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मधोमध पाचर असते. ही पाचर अनेकदा शिशाची असते, म्हणून काम झाल्यावर हात धुणे अगत्याचे.

३/ प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि धारेवर जाड चिकटपट्टी लावावी. मग रिव्हेटचे एका बाजूचे डोके बारीक कानशीने घासावे. चकती सुटली की बोथट सळईने रिव्हेट दुसऱ्या बाजूला ढकलून काढावे. घाई केल्यास शिंग तडकते.

४/ आता पात्याच्या मुळाशी असलेले ठसे पाहा. ‘कास्ट स्टील’ ही अक्षरे दिसली, तर ती बेंजामिन हंट्समन या घड्याळजीच्या शोधाची आठवण आहे. त्याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत सिद्ध केली. मुकुटासह ‘डब्ल्यू आर’ असेल, तर संकेत चौथ्या विल्यमच्या कारकिर्दीकडे, म्हणजे १८३०–३७ कडे जातो.

५/ ‘इंग्लंड’ हा शब्द असल्यास अमेरिकेचा १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा आठवावा. त्यानुसार आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक झाले. मात्र हा शब्द नाही, एवढ्यावरून वस्तरा त्याआधीचा ठरत नाही. सगळाच माल अमेरिकेला जात नव्हता.

६/ हे सारे ठसे कारखानदाराचे वा राजाचे. प्रत्यक्षात पाते घडवणारा, ते सहाणेवर घासणारा आणि मूठ बसवणारा हे वेगवेगळे कारागीर असत. त्यांची नावे पात्यावर नाहीत.

७/ घासणारा कारागीर फिरत्या दगडावर ओणवा बसे. दगडाची आणि पोलादाची धूळ त्याच्या फुप्फुसात जाई. शेफिल्डचे डॉक्टर नाइट यांच्या आधारे एंगल्स १८४५ मध्ये नोंदवतो की, कोरड्या दगडावर काम करणारे जेमतेम पस्तिशीपर्यंत जगत आणि ओल्या दगडावरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. वस्तऱ्याला दोन्ही प्रकारची घासणी लागे.

८/ या माणसाचे हस्ताक्षर म्हणजे पात्यावरील सूक्ष्म रेघा. मुठीच्या आड झाकलेल्या भागात त्या अनेकदा शाबूत असतात. कारखान्याचा ठसा खोल असतो, तो पॉलिशनंतरही उरतो. रेघा उथळ असतात; सँडपेपरच्या काही हातांत त्या नाहीशा होतात. आरशासारखे चकचकीत केलेले पाते मालकाचे नाव राखते आणि मजुराची खूण पुसते.

९/ म्हणून सुटा गंज तेलाने भिजवून मऊ फडक्याने पुसावा; काळसर डाग राहू द्यावेत. दाढीसाठी धार लावायचीच असेल, तर हेही ध्यानात ठेवावे की दगडावर धारेबरोबर पात्याची पाठही झिजते. वापर आणि जतन यांत निवड करावी लागते.

१०/ जोडताना सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची पितळी तार, दोन्ही बाजूंना चकत्या आणि हलकी हातोडी पुरे. एक जोरकस घाव नको, अनेक हलके ठोके हवेत. दर काही ठोक्यांनंतर पाते मिटून ते पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसते का, ते पाहावे.

११/ काढलेले रिव्हेट फेकू नये. कागदी पाकिटात तारीख घालून ठेवावे आणि आपण काय बदलले, ते लिहून ठेवावे. आपली तार शंभर वर्षांनी कुणी मूळची समजू नये, एवढी काळजी आपल्या हातात आहे.