वाळवंटातला गहू

सौदी अरेबियात तेल सापडलं त्याच्या मुळाशी पाण्याचा शोध होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९३१ साली चार्ल्स क्रेन या अमेरिकन धनिकाने कार्ल ट्विचेल नावाचा इंजिनियर राजे अब्दुलअझीझ यांच्याकडे पाठवला, तो पाण्याचे साठे शोधायला. पाणी मनासारखं मिळेना, पण पूर्व किनाऱ्यावर तेल असण्याची शक्यता त्याने सांगितली. १९३३ मध्ये तेलाचा करार झाला आणि मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला तेल लागलं. पुढची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या पगाराची! पाण्याची गोष्ट मात्र मागेच राहिली.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. शेतीशी संबंध एवढाच, की माझं गाव लातूर जिल्ह्यात. मुंबईहून येताना रियाध जवळ आलं की अल-खर्जच्या बाजूला वाळूत हिरवी गोल वर्तुळं दिसतात, ती तुम्हीही पाहिली असतील. मध्ये खोल बोअर, त्याभोवती चाकांवर फिरणारा चारेकशे मीटर लांबीचा पाइप. तो फिरेल तेवढी जमीन हिरवी. एका वर्तुळात शंभर-सव्वाशे एकर सहज बसतात.

ही वर्तुळं आली कशी? १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा अमेरिकेत बोललं जाऊ लागलं की मग आपण यांचं धान्य रोखू. ते इथे झोंबलं. सरकारने जमीन दिली, बिनव्याजी कर्जं दिली आणि गव्हाला जागतिक बाजाराच्या कितीतरी पट भाव दिला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर देश गव्हात स्वयंपूर्ण झाला. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर गेलं आणि हे वाळवंट जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत गणलं जाऊ लागलं!

आता हवामानाकडे बघू. झाड पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा घेतं, तेव्हा त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते. आंबोलीच्या जंगलात पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते, की पानातून पाणी फारसं ओढलं जात नाही. आणि जे जातं त्यातलं काही ढग होऊन परतही येतं. इथली कोरडी, तापलेली हवा मात्र पान अक्षरशः पिळून घेते. रियाधला वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या भांड्यातून उडून जाणारं पाणी त्याच्या वीस पटींहून जास्त. म्हणजे गरज मोठी आणि भरपाई जवळपास शून्य.

मग पाणी आलं कुठून? हजारो वर्षांपूर्वी इथे पाऊसमान चांगलं होतं, तेव्हा खडकांत मुरलेलं ते पाणी. इली एल्हाज या अभ्यासकाने २००४ साली हिशोब मांडला: १९८० ते १९९९ या काळात शेतीला सुमारे ३०० अब्ज घनमीटर पाणी लागलं, इजिप्तला नाईलमधून सहा वर्षांत मिळतं जवळजवळ तेवढं. त्यातलं दोन तृतीयांश पुन्हा न भरणारं. रियाधच्या दक्षिणेला अल-अफलाजमध्ये लैला गावाजवळ नैसर्गिक तळी होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तीही आटली. अल-अहसाच्या ज्या झऱ्यांचं पाणी आपोआप वर यायचं, तिथे पंप बसले.

२००८ साली सरकारने गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. २०१६ मध्ये ती थांबली. (पुढे मर्यादित प्रमाणात पुन्हा परवानगी मिळाली.) पण गंमत बघा, गहू सोडलेले बरेच शेतकरी लसूणघासाकडे वळले. गहू निदान हिवाळ्यातला. लसूणघास बारमाही, भर उन्हाळ्यातही पाणी पिणारा. शेवटी त्यावरही बंधनं आली. अल्मराई कंपनीने २०१४ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनात चाऱ्यासाठी जमीन घेतली. तेही वाळवंटच!

हे सगळं आपल्याला सांगण्याचं कारण आहे. इथून पाठवलेल्या रियालांतून गावाकडे आधी घर होतं, मग बोअर होतो, आणि बोअरला पाणी लागलं की ऊस. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तरी आसपासचा ऊस काही संपला नाही. आपल्या काळ्या पाषाणात दर पावसाळ्यात थोडं पाणी मुरतं, एवढं भाग्य सौदीला नाही. पण ते वरच्या थरातलं. पाचशे-सहाशे फुटांवर जे लागतं, ते भरायला एक पावसाळा पुरत नाही.

सौदीकडे निदान समुद्र गोडा करायला पैसा होता. जुबैलहून चारशेहून अधिक किलोमीटर पाइपाने ते पाणी रियाधला चढवतात. मराठवाड्याला समुद्रही नाही आणि तेलही नाही. म्हणून यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा भावाला नव्या बोअरचे पैसे देण्याआधी एवढं विचारा, की आधीचा बोअर किती फुटांवर होता, आणि पाणी आलं तर लावणार काय?