परळच्या चाळीतील रत्नागिरी

मुलूख सोडून गेलेल्या माणसांची गोष्ट निघाली, की आयर्लंडचे नाव हटकून येते. १८४५ साली तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. न्यूयॉर्क, बोस्टनच्या दाटीच्या वस्त्यांत त्यांनी आपली गाणी आणि नाच जपले. वाचकहो, हे आपण कौतुकाने वाचतो. पण अशीच एक गोष्ट आपल्याच घरात घडली आहे, तिकडे मात्र आपले लक्ष नाही.

आपला रत्नागिरी जिल्हा १९८१ पर्यंत सिंधुदुर्गासह एकच होता. डोंगरउताराची जमीन, पावसाळ्यातले भाताचे नाहीतर नाचणीचे पीक, आणि त्यातही खोताचा वाटा. वर्षभर पोट भरायचे कसे? १८५६ साली मुंबईत पहिली गिरणी चालू झाली. गिरण्या वाढत गेल्या, तशी बंदराबंदरांतून आगबोटीने आपली माणसे निघाली. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण तोवर मुंबईची वाट मळून गेली होती.

लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींत एका खोलीत दहा-पंधरा जण राहत. एक पाळीवरून आला, की दुसरा निघायचा, अंथरूण तेच. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बहुधा आपल्याकडचीच बाई. उरलेले पैसे मनिऑर्डरीने गावी. गावाच्या नावाने मंडळे निघाली. देऊळ, शाळा, विहीर यांसाठी त्यांनी मुंबईत वर्गणी जमवली.

पण माणूस काही नुसत्या भाकरीवर जगत नाही. या चाकरमान्यांनी बोचक्यात बांधून नमन-खेळे नेले, जाखडी नेली. जाखडीत मधे ढोलकीवाला आणि गायक, भोवती फेर धरून नाचणारे. शक्तिवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने गाण्यातून कोडे घालायचे, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचे. कानात बाळ्या घालणाऱ्या कोकणी गड्यांना शहरवाले ‘बाल्या’ म्हणत. त्यावरून या नाचालाही ‘बाल्या नाच’ म्हणू लागले. नावात थट्टा होती खरी. पण दिवसभर साच्यापुढे उभा राहणारा गडी रात्री पुराणातल्या प्रश्नाला उत्तर देत होता, हे थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली परळला दामोदर हॉल उभारला. कामगारांची नाटके, नमने आणि शक्ती-तुऱ्याचे सामने यांना त्याचा मोठा आधार मिळाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कित्येकांना परत काम मिळालेच नाही. गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. दामोदर हॉलही २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाला.

मग राहिले काय? शाहिरांच्या हातच्या वह्या राहिल्या. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत, वाळवीच्या तोंडाशी. आणि राहिल्या गावात मागे थांबलेल्या म्हाताऱ्या. नवरा मुंबईला, आणि शेत, गुरे, सासू-सासरे, पोरे यांच्या गळ्यात. पोस्टमनची वाट पाहण्यात त्यांची उमर गेली. गिरणगावाची अर्धी कथा त्यांच्यापाशी आहे, आणि ती सहसा कुणी विचारलेली नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती, की शिमग्याला किंवा गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा मुलांना एकच काम द्या. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारायचे: मुंबईला पहिल्यांदा कोण गेले, कसे गेले, मागे कोण राहिले? सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यायचे. वही सापडली तर तिची नक्कल करून ठेवायची. आयर्लंडचा इतिहास आयरिश लोकांनी लिहिला. आपला आपणच लिहायला हवा. आणि आजी काही फार दिवस थांबायची नाही.