दुकानामागची शाळा

१९५६ साली अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात एक कायदा झाला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एन.ए.ए.सी.पी.’ या संघटनेच्या सभासदाला सरकारी नोकरीत राहता येणार नाही, असे त्याने ठरवले. शिक्षकांकडे विचारणा झाली. अनेकांनी आपले सभासदत्व लपवले. चार्ल्सटन शहरातल्या एका बाईंनी मात्र ते लपवले नाही. त्यांची चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. त्या वेळी त्या ५८ वर्षांच्या होत्या. त्यांचे नाव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क.

बी.एड.ला आम्ही रूसो, पेस्टालॉझी, फ्रोबेल, ड्यूई यांची मते पाठ केली. क्लार्कबाईंचे नाव त्या पुस्तकांत नव्हते. शिक्षक म्हणून मला मात्र त्यांच्याइतके कोणी जवळचे वाटत नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, हे आपण जाणतोच. त्या मुक्त झालेल्या लाखो गुलामांपैकी एक म्हणजे सेप्टिमांचे वडील पीटर पॉइन्सेट. गुलामगिरी संपली, परंतु त्यांच्या मुलीचा जन्म १८९८ साली झाला तेव्हा दक्षिणेत शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बसण्याच्या जागाही वेगळ्या होत्या. मतदानाचा हक्क कागदावर होता. प्रत्यक्षात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना शाळाच मिळू दिली नव्हती, त्यांच्यासाठी ही वाचनाची अट म्हणजे बंद दरवाजाच होता.

१९१६ साली सेप्टिमा शिक्षिका झाल्या. चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना तेव्हा नेमतच नसत. म्हणून त्या जवळच्या जॉन्स बेटावर गेल्या. तेथे १३२ मुले आणि दोन शिक्षिका. रस्त्यापलीकडे गोऱ्यांची शाळा, तिच्यात तीन मुले. तेथील एका शिक्षिकेचा पगार या दोघींच्या एकत्र पगाराहून जास्त होता.

अशा समाजाचा आधार होता चर्च. कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीची, गोऱ्यांची परवानगी न लागणारी जवळजवळ एकमेव संस्था तीच. सभा तेथे, वर्गणी तेथे, आजाऱ्याची चौकशीही तेथेच. ही कामे मुख्यतः बायकाच करीत. परंतु व्यासपीठ पुरुषांचे असे. जरीना ली या स्त्रीने उपदेश करण्याची परवानगी मागितली, ती प्रथम नाकारली गेली आणि १८१९ साली कुठे मिळाली. १९०० साली नॅनी हेलन बरोज या तरुणीने बाप्टिस्टांच्या परिषदेत उभे राहून, भगिनींना सेवेपासून का अडवता, असा जाब विचारला. या स्त्रियांनी धर्म सोडला नाही आणि धर्माच्या नावाने चाललेला अन्यायही मुकाट्याने सोसला नाही. माणूस ईश्वराने घडवला असेल तर त्याला खाली ढकलण्याचा अधिकार कोणालाच नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मेथडिस्ट पंथाच्या क्लार्कबाई याच परंपरेतल्या.

नोकरी गेल्यावर त्यांनी ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे पाठवली: या कायद्याला आपण मिळून विरोध करू. उत्तरे आली २६. अधिकाऱ्यांना भेटायला जाण्याच्या वेळी हजर राहिले पाच जण. स्वतःच्या भगिनीमंडळाने त्यांचा सत्कार केला. परंतु त्यांच्यासोबत छायाचित्र काढून घ्यायला तेथील सभासद घाबरल्या. त्यांचीही नोकरी गेली असती.

या ठिकाणी कोणीही कडवट झाले असते. क्लार्कबाईंनी मात्र ही आपली चूक मानली. ज्यांची तयारी झाली नाही त्यांना आपण पुढे ढकलू पाहिले, असे त्या म्हणत. धैर्य हेही शिकवावे लागते आणि शिकवायला वेळ लागतो, हा धडा त्यांनी घेतला.

टेनेसी राज्यात ‘हायलँडर’ नावाची प्रौढांची शाळा होती. तेथे गोरे-काळे एकाच टेबलाशी बसत. १९५५ च्या उन्हाळ्यात क्लार्कबाईंच्या कार्यशाळेला रोझा पार्क्स आल्या होत्या. त्याच डिसेंबरात त्यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला. नोकरी गेल्यावर क्लार्कबाई या शाळेचे काम पाहू लागल्या. १९५९ साली पोलिसांनी तेथे छापा घातला आणि दारू बाळगल्याच्या आरोपाखाली त्यांना अटक केली. आरोप टिकला नाही; बाई दारूला स्पर्शही करीत नसत.

जॉन्स बेटावर इसाव जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवीत. मतदार होण्यासाठी वाचायला शिकवा, अशी मागणी त्यांच्या प्रवाशांतूनच आली. जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. पुढे दुकान असल्यामुळे गोऱ्यांना संशय येत नसे. शिकवायला निवडल्या क्लार्कबाईंच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन. त्या केशभूषेचा व्यवसाय करीत. शिक्षिका नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांना निवडले. मोठ्या माणसांना त्या कमी लेखणार नाहीत, असा विश्वास होता. लहान मुलांची पुस्तके लगेच बाजूला पडली. तुम्हाला काय शिकायचे आहे, असा प्रश्न विचारण्यात आला. कोणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. पुठ्ठ्यावर लिहिलेले नाव पेन्सिलीने गिरवत गिरवत, आयुष्यभर अंगठा उठवणारी माणसे सही करू लागली.

या ‘नागरिकत्व शाळा’ पुढे दक्षिणेत सर्वत्र पसरल्या. १९६१ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या संघटनेने त्या चालवल्या. मिसिसिपीतल्या शेतमजूर फॅनी लू हेमर यांना, आपल्यालाही मत देता येते हे ४४ व्या वर्षी, १९६२ साली, चर्चमधल्या सभेत कळले. नाव नोंदवायला गेल्या त्याच दिवशी मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढले. १९६३ च्या जूनमध्ये नागरिकत्व शाळेच्या प्रशिक्षणाहून परतताना त्यांना विनोना गावी अटक झाली आणि तुरुंगात अमानुष मारहाण झाली. त्याच तुरुंगात जेलरच्या बायकोने पाणी दिले, तेव्हा हेमरबाईंनी तिला बायबलातली वचने वाचायला सांगितली. त्यांतले एक, सर्व मानवजात एकाच रक्ताची आहे, या आशयाचे होते.

किंग यांच्या संघटनेतही क्लार्कबाईंना मान सहज मिळाला नाही. या बाई कार्यकारिणीत कशासाठी, असे एक ज्येष्ठ धर्मोपदेशक पुनःपुन्हा विचारीत. सगळे मोर्चे तुम्हीच नेऊ नका, गावोगाव नेते तयार होऊ द्या, असे पत्र बाईंनी किंग यांना लिहिले. ते बैठकीत वाचले गेले तेव्हा मंडळी हसली. बाईंना किंगविषयी अपार आदर होता. पण आदर म्हणजे गप्प बसणे, असे त्यांनी मानले नाही.

१९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला आणि वाचनाच्या परीक्षा बंद पडल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली. म्हणजे हे काम संपलेले नाही. ज्या चार्ल्सटनने क्लार्कबाईंना काढले, त्याच शहराच्या शालेय मंडळावर त्या १९७५ साली निवडून आल्या. बुडालेले निवृत्तिवेतन १९७६ मध्ये, वीस वर्षांनी, मिळू लागले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

मला राहून राहून त्या ७०० शिक्षकांची आठवण येते, ज्यांनी उत्तर दिले नाही. त्यांच्या घरीही मुले होती, भाडे थकलेले होते. आपणही बहुधा त्यांच्यातलेच असतो. क्लार्कबाईंनी त्यांना भित्रे म्हटले नाही. त्या दुकानामागच्या खोलीत गेल्या आणि नव्याने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.